वाचक विचारतात : कडेपर्यंत पाहिलं का?

मागच्या अंकात मधुमेह आणि डोळ्यांविषयी लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही डोळ्याचा पडदा बिघडतो, पण निराळ्या जागी. त्या एका वाक्यावर बाकी अख्ख्या लेखापेक्षा जास्त पत्रं आली. बरीचशी वैनगंगेपलीकडची. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच. चष्म्याचा नंबर का वाढतो असं विचारणाऱ्यांनी एक महिना थांबावं. नंबर कुठे पळून जात नाही.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकल आलेला. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे, दोन वर्षांत भरती करावं लागलं नाही. शाळेतल्या तपासणीत त्यानं तक्त्याची शेवटची ओळ वाचली. आता डॉक्टर म्हणतात, नागपूरला जाऊन पडद्याचा फोटो काढून आणा. रोवणी सुरू आहे, जायला-यायला पूर्ण दिवस मोडतो. दिसतं तर नीट, मग फोटो कशाला?
— एक आई, आरमोरी

ताई, ‘दिसतं तर नीट’ हे वाक्य मी नागपुरात तीस वर्षं ऐकते आहे, आणि एकदा त्याला फसलेही आहे. ते सांगतेच पुढे.

तक्ता वाचताना आपण पडद्याचा फक्त मधला ठिपका वापरतो. टाचणीच्या डोक्याएवढी जागा ती. बाकीचा पडदा त्या परीक्षेला बसतच नाही. आणि सिकलसेलचा घाव पडतो तो सहसा कडेला, त्यातही कानशिलाकडच्या बाजूला. का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण तुम्ही धान पिकवता. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांच्या बांध्या भरतात आणि टेलचा शेतकरी वाट पाहत बसतो. पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून निघतात आणि कडेकडे जाताना केसाहून बारीक होत जातात. विळ्यासारख्या वाकलेल्या, कडक झालेल्या पेशी तिथे अडकतात. टेल कोरडं पडतं. दुखत नाही, लाली येत नाही, मुलाला काही कळत नाही.

कोरडा पडलेला पडदा गप्प बसला असता तर निदान पुढचं संकट टळलं असतं. पण तो रक्त मागतो, आणि त्याच्या मागणीवर नव्या वाहिन्या फुटतात. त्या असतात अगदी कच्च्या. समुद्रात पंख्याच्या आकाराचं एक पोवळं असतं, तशा त्या पसरलेल्या दिसतात, म्हणून आम्ही त्यांना ‘सी फॅन’ म्हणतो. हा पंखा फुटला की डोळ्यातल्या जेलीत रक्त उतरतं. पुढे तो सुकून आकसतो आणि पडद्याला ओढतो. तेव्हा पडदा सुटू शकतो. 1971 साली गोल्डबर्ग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी या सगळ्याचे पाच टप्पे मांडले. त्यातल्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे पंख्यातून रक्त येण्याआधी, माणूस सहसा शेवटची ओळ बिनचूक वाचतो.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी चामोर्शीकडचा एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. बाहेर सत्तर जणांची रांग. मी मधला भाग पाहिला, छान गुलाबी होता. कडा बघायच्या तर अजून थेंब टाका, अर्धा तास बसवा. मी विचारलं, काही त्रास? तो म्हणाला, “नाही मॅडम, मले तं बराबर दिसते.” मी ‘नॉर्मल’ लिहिलं आणि पुढचा कागद ओढला. दोन वर्षांनी तोच मुलगा आला. “उजव्या डोळ्यासमोर काजळी फिरून राह्यली.” जेलीत रक्त, मागे पडदा ओढलेला. ऑपरेशन झालं, थोडी नजर परत आली, सगळी नाही. त्याच्या जुन्या कागदावर माझ्याच अक्षरात ‘नॉर्मल’ होतं. तो कागद त्यानं जपून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

तेव्हापासून मी सिकलच्या प्रत्येक घरच्यांना एक प्रश्न शिकवते. तपासणी झाली की डॉक्टरांना विचारा, “कडेपर्यंत पाहिलं का?” डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.

फोटोतही हाच फरक आहे. साधा कॅमेरा पडद्याचा 45 ते 50 अंशांचा मधला भाग टिपतो. मधुमेहाची पहिली चाळणी करायला तो चालतो, कारण मधुमेह मध्याच्या आसपास बऱ्याच खुणा सोडतो. म्हणून कुठल्याशा शिबिरात तो फोटो काढून ‘पडदा चांगला’ असा कागद मिळाला असेल, तर सिकलच्या मुलासाठी तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला फोटो बहुधा रुंद कॅमेऱ्याचा असेल. तो एका झटक्यात 200 अंशांचा, म्हणजे पडद्याचा साधारण 80 टक्के भाग टिपतो. त्यातले रंग हिरवट-केशरी दिसतात, खरे नसतात, घाबरू नका. त्यातही वरची आणि खालची कड कधी पापणीमागे राहते, म्हणून मुलाला वर बघ, खाली बघ असं सांगून आणखी फोटो घ्यावे लागतात.

आणि तुमच्या जवळच्या ठिकाणी असा कॅमेरा नसेल, पण पडद्याचे डॉक्टर असतील, तर तेही चालतं. डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, डोळा हलकेच दाबून ते कडेपर्यंत पाहू शकतात. कॅमेऱ्याचा जास्तीचा फायदा एवढाच, की पुढच्या वेळी ताडून बघायला पुरावा राहतो. डॉक्टरची आठवण हा पुरावा नव्हे, हे मी वर कबूल केलंच आहे.

ही तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून करायची, आणि सगळं स्वच्छ असेल तर एक ते दोन वर्षांनी पुन्हा. म्हणजे तुम्हाला चार वर्षं उशीर झालाय, चार दिवसांनी काही बिघडत नाही. रोवणी उरकून या. गोळीनं भरती टळली ही मोठी गोष्ट आहे, पण गोळी चालू आहे म्हणून डोळ्यांची तपासणी सुटत नाही. मुलाला उपाशी आणू नका. पाण्याची बाटली बरोबर घ्या आणि रांगेतही त्याला पाजत राहा. सिकलच्या मुलाला पाणी कमी पडू देणं हेच मोठं जोखमीचं. थेंबांमुळे चार-सहा तास जवळचं धूसर दिसेल, ऊन खुपेल. टोपी आणा. फक्त एक गोष्ट थांबण्यासारखी नाही: एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं, दुखत नसलं तरी, तर रोवणी, पेपर, लग्न काहीही असो, त्याच तासाला निघा. पडद्याची मुख्य वाहिनी बंद झालेली असू शकते आणि तिथे रक्त बदलण्यापर्यंत वेळ येते.

माझं वय 21, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सिकल-थॅलेसेमिया (एक जनुक सिकलचा, एक थॅलेसेमियाचा) आहे. मागच्या महिन्यात हातातून रंग देऊन डोळ्याचे फोटो काढले. संध्याकाळी माझा चेहरा पिवळा आणि लघवी नारिंगी बघून होस्टेलच्या मुलींनी रेक्टरना उठवलं. या रंगानं किडनी खराब होते असं एक मैत्रीण म्हणते. साधा फोटो असताना रंग का देतात?
— विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

तुला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते न सांगणं ही आमच्याकडची चूक. कातडी काही तास पिवळी राहते, लघवी दीड दिवसापर्यंत. आधीच डोळे पिवळसर असणाऱ्या मुलीला हे किती भयंकर वाटलं असेल ते कळतं. पुढच्या वेळी रेक्टरना सकाळीच सांगून ठेव.

त्या रंगाचं नाव फ्लुरोसिन. शिरेत दिला की 10 ते 15 सेकंदांत डोळ्यात पोचतो आणि निळ्या प्रकाशात चमकतो. जिथे रक्त जातं तिथे चमक, जिथे वाहिन्या बंद तिथे अंधार, आणि जिथे कच्ची वाहिनी झिरपते तिथे पांढरा धूर पसरावा तसा डाग. साध्या फोटोत अगदी लहान पंखा लपून जातो; रंगाच्या फोटोत तो धुरामुळे पकडला जातो. किती पडदा कोरडा पडलाय याचा नकाशाही त्यातच मिळतो. म्हणून तुझ्या साध्या फोटोत कडेला काही शंकास्पद दिसलं असणार. दरवर्षी रंग द्यावा लागत नाही.

किडनीचं: तुझी मैत्रीण सीटी स्कॅनच्या रंगाबद्दल बोलते आहे. त्यात आयोडीन असतं आणि किडनीची काळजी तिथे घ्यावी लागते. फ्लुरोसिनमध्ये आयोडीन नाही. तो लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून किडनीचा काही त्रास चालू असेल तर आधी सांगायचा, एवढंच. मळमळ अनेकांना होते, मिनिटभरात जाते. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास कोंडला तर ते गंभीर. ते क्वचित घडतं, पण त्यासाठीच इंजेक्शनांचा ट्रे शेजारी मांडलेला असतो. तू नर्स होणार आहेस, एखाद्या दिवशी तो ट्रे तूच मांडशील. आणि बाई गरोदर आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय रंग देऊ नकोस.

आमच्या आश्रमशाळेतल्या आठवीच्या मुलाला खेळताना विटी डोळ्यावर लागली. काळ्या भागापुढे खाली रक्त साचलेलं दिसत होतं. त्याच्या कार्डावर एएस पॅटर्न आहे. जवळच्या डॉक्टरांना मी कार्ड दाखवलं नाही, कारण तो फक्त वाहक आहे. माझं काही चुकलं का? आणि वाहक मुलांनाही पडद्याचे फोटो लागतात का?
— शिक्षक, धानोरा तालुका

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे: नाही. एएस असलेल्याला पडद्याच्या नेमाने तपासणीची सहसा गरज पडत नाही, आणि एएस म्हणून कुणाला आजारी मानायचंही कारण नाही. शिबिरांत आम्ही हे इतक्या वेळा सांगतो, की त्यातला एक अपवाद सांगायचा राहून जातो. तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमका तोच घडला.

बुबुळापुढच्या पाण्यात रक्त उतरलं की तिथे प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते. बाहेर अंगात शहाण्यासारख्या वागणाऱ्या एएसच्या पेशीही तिथे वाकड्या होतात, कडक होतात आणि पाणी वाहून जायच्या जाळीत अडकून बसतात. डोळ्याचा दाब चढतो. इतर मुलाचा डोळा जो दाब काही दिवस सोसतो, तो सिकलच्या डोळ्याला 24 तासांतही घातक ठरू शकतो. दाबाचा पारा 24-25 च्या वर राहिला की आम्ही घड्याळ बघायला लागतो. त्यात भर म्हणजे, दाब उतरवायला सर्रास दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी रक्तातली आम्लता वाढवते, आणि त्यानं पेशी आणखी वाकतात. म्हणून डॉक्टरला सिकल माहीत असणं म्हणजे औषधच बदलणं आहे.

तेव्हा चुकलं, पण तुमचं एकट्याचं नाही. डॉक्टरनंही विचारायला हवं होतं. गडचिरोलीत डोळ्याला मार लागलेला प्रत्येक मुलगा सिकलची चाचणी झालेला आहे का, हा पहिला प्रश्न. त्या मुलाला आता बरं असलं तरी एकदा दाब आणि पडदा तपासून घ्या; असा मार लागलेल्या डोळ्यात पुढे वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. पुन्हा असं झालं तर डोळ्यावर काही चोळायचं नाही, दाबपट्टी नाही, अ‍ॅस्पिरिन किंवा तसल्या दुखीच्या गोळ्या नाहीत, मुलाला उशीवर डोकं उंच ठेवून न्यायचं आणि दारातच म्हणायचं, “सिकल आहे, एएस.” विटी-दांडू बंद करू नका हो. नाहीतर या उत्तराचा तेवढाच उपयोग व्हायचा.

नातीचे डोळे सारखे पिवळे होतात. दोनदा कावीळ उतरवून आणली, पाण्यात पिवळा रंग उतरलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. परत पिवळे झाले. तिला एसएस आहे. पिवळ्या डोळ्यानं नजर जाते का?
— आजोबा, भंडारा जिल्हा

आजोबा, पिवळेपणानं नजर जात नाही. सिकलच्या पेशी लवकर फुटतात, त्यातला रंग रक्तात उतरतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात दिसतो. ही संसर्गाची कावीळ नव्हे, म्हणून उतरवली तरी परत चढते. पाण्यातल्या रंगाबद्दल मी वाद घालत नाही. त्या पाण्यात चुना असतो, त्याची गंमत तुम्हालाही ठाऊक असावी. मात्र नेहमीपेक्षा एकदम गडद पिवळी झाली, ताप आला, पोटात दुखलं, तर उतरवणाऱ्याकडे नाही, दवाखान्यात न्या. तिचं वय लिहिलं नाहीत. दहा झालं असेल तर आरमोरीच्या ताईंना दिलेलं उत्तर तिच्यासाठीही.

आम्ही मूळचे तुमसरचे, पुण्यात राहतो. मुलगी 19 वर्षांची, एसएस. मी वाचलं, की डोळ्यांचा धोका एससी प्रकारात (सिकलसोबत हिमोग्लोबिन-सी) जास्त असतो, एसएसमध्ये कमी. मग आम्ही निश्चिंत राहायचं का? दुसरं, तिच्या ओसीटीच्या रिपोर्टमध्ये मधल्या भागाची कानशिलाकडची बाजू ‘पातळ’ लिहिली आहे, पण नजर 6/6 आहे. यावर उपचार काय?
— एक वडील, पुणे

वाचलंत ते खरं आहे. जमैकात, किंग्स्टनला, 1973 ते 1981 या काळात एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासून त्यातल्या सिकलच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. चोवीस-सव्वीसाव्या वर्षापर्यंत कच्च्या वाहिन्या उगवल्या त्या एससीतल्या 43 टक्क्यांना आणि एसएसतल्या 14 टक्क्यांना. एसएसवाल्यांचं रक्त जास्त पातळ असतं. एससीत हिमोग्लोबिन बरं, त्यामुळे रक्त घट्ट, आणि घट्ट रक्त बारीक वाहिनीत जास्त अडतं. अशक्तपणा कमी म्हणून डोळा धोक्यात, असा हा उफराटा न्याय.

पण 14 टक्के म्हणजे सातात एक. मी माझ्या मुलीच्या बाबतीत सातात एक ऐकून निश्चिंत झाले नसते. शिवाय एससी मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या आणि तिथून जमैकासारख्या ठिकाणी गेलेल्या लोकांचा प्रकार. आपल्याकडे तो फारसा नाहीच. आपल्याकडे एसएस आणि सिकल-थॅलेसेमिया. आपल्या रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, हे आपल्या बाजूचं. तेव्हा जमैकाचा आकडा जसाच्या तसा तुमसरला लावू नका, वर नाही आणि खालीही नाही.

ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा काप, केकचे थर दिसावेत तसा. रंग नाही, सुई नाही, एक्स-रेची किरणं नाहीत. मधल्या भागाजवळच्या बारीक वाहिन्या कधीतरी गुपचूप बंद झाल्या आणि तिथला थर झिजला, असा त्या ‘पातळ’चा अर्थ. तो परत जाड करणारं औषध नाही, त्यामुळे कुणी विकायला आलं तर घेऊ नका. मग काढायचा कशाला? पुढच्या वर्षी ताडून बघायला, आणि तिच्या रक्ताच्या डॉक्टरांना दाखवायला. तिचा आजार वरून शांत दिसतो तेवढा आत शांत आहे का, हे या कापातून त्यांना कळतं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर ते तिचा डोस त्यांच्या हिशेबानं पाहतील. आणि हो, ओसीटी मधलाच भाग दाखवतं. कडेचा फोटो वेगळा. रिपोर्टांच्या यादीत तो मला दिसला नाही.

माझं वय 26. डाव्या डोळ्यात दोन सी फॅन सापडले. एक डॉक्टर म्हणतात लेसर लगेच करा, दुसरे म्हणतात थांबा, आपोआप सुकतील. दोघंही मोठे डॉक्टर आहेत. कुणाचं ऐकू?
— गोंदिया

दोघांचंही बरोबर असू शकतं, आणि ही पळवाट नाही. सिकलचे पंखे खरंच कधीकधी स्वतःचाच रक्तपुरवठा तुटून सुकतात. मधुमेहात असं सुख सहसा नशिबी नसतं. म्हणून लहान, सपाट पंखा दिसला की लगेच लेसर असा नियम मी पाळत नाही. उलट पंखा मोठा आहे, जेलीत उचललेला आहे, एकदा रक्त आलं आहे, किंवा दुसरा डोळा आधीच गेलेला आहे, तर मी थांबत नाही. लेसर पंख्यावर मारत नाहीत, त्याच्या भोवतालच्या कोरड्या पडद्यावर मारतात, म्हणजे त्याची रक्ताची मागणीच थांबते. पूर्वी पंख्याला रक्त देणाऱ्या वाहिनीवरच जोरात लेसर मारत. त्यानं पडद्याला भोकं पडायची, म्हणून ते मागे पडलं.

यात माझा एक निकष पुस्तकी नाही. तुम्ही दर तीन-चार महिन्यांनी तपासायला येऊ शकता का? येऊ शकत असाल तर थांबण्याला अर्थ आहे. सुटी मिळत नसेल, गाडीभाड्याचा प्रश्न असेल, पुढच्या वर्षी कामाला हैदराबादला जाणार असाल, तर थांबणं म्हणजे निव्वळ सोडून देणं होतं आणि मी लेसरच्या बाजूला झुकते. दोन्ही डॉक्टरांना हे सांगितलंत का? पत्रात तसं दिसत नाही.

आणि दुसऱ्या मताला जाताना फोटोची छापील प्रत नेऊ नका. ए-4 कागदावर छापल्यावर कडेचा पंखा म्हणजे शाईचा डाग दिसतो. फोटो आणि रंगाच्या तपासणीची पूर्ण मालिका, सेकंदांच्या आकड्यांसकट, पेनड्राइव्हवर मागून घ्या. देतात. मागावं लागतं.